अडीचशे डॉलरांची नोकरी

१९७४ साली अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षिका अनपेक्षितपणे दीर्घ रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी बावीस वर्षांच्या एका मुलीची नेमणूक झाली. ती मुळात सहायक म्हणून काम करावे आणि शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी घ्यावी, एवढ्याच हेतूने नॉक्सव्हिलला आली होती. संघातील काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान होत्या. मानधन दरमहा अडीचशे डॉलर. संघाचे गणवेश तिने स्वतः धुवावेत, बाहेरगावच्या सामन्यांना जाताना गाडी तिनेच हाकावी आणि नवे गणवेश हवे असतील तर डोनट विकून पैसे जमवावेत, असा सारा मामला होता. पहिला सामनाच तिच्या संघाने ८३-८४ असा एका गुणाने गमावला. आपल्याकडील महाविद्यालयीन जिमखान्यांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना यातील कशाचेच नवल वाटणार नाही. नवल आहे ते पुढच्या अडतीस हंगामांचे. पॅट समिट या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या या बाई २०१२ मध्ये पदावरून दूर झाल्या, तेव्हा त्यांच्या नावावर १,०९८ विजय, अवघे २०८ पराभव आणि आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे जमा होती. तोपर्यंत त्या श्रेणीतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये इतके विजय कोणाही प्रशिक्षकाला, मग तो पुरुष असो वा स्त्री, मिळविता आले नव्हते.

ही कथा एका कर्तबगार बाईची म्हणून सांगण्याचा प्रघात आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु ती एका कायद्याचीही कथा आहे. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची स्वाक्षरी झालेल्या शिक्षणविषयक कायद्यात ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखले जाणारे एक कलम आहे. संघ सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगभेदावरून कोणाला वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. त्यात खेळ हा शब्ददेखील नाही. तथापि त्याचा अर्थ क्रीडांगणापर्यंत पोहोचणार, हे विद्यापीठांच्या क्रीडाविभागांतील पुरुष मंडळींनी ताबडतोब ओळखले आणि त्यास कडवा विरोध केला. महाविद्यालयीन खेळांचे नियंत्रण करणारी एनसीएए ही बलाढ्य संघटना तर न्यायालयापर्यंत गेली. हा कायदा येण्यापूर्वी काय स्थिती होती, ते समिट यांच्या घरातच दिसत होते. त्यांच्या तिन्ही थोरल्या भावांना खेळाच्या जोरावर महाविद्यालयीन शिष्यवृत्त्या मिळाल्या. बहिणीचा खेळ भावांपेक्षा कमी नव्हता. पण तिचे शुल्क आईवडिलांना खिशातून भरावे लागले.

हे आईवडील शेतकरी होते. तंबाखूची लागवड, गाईगुरे, गवताच्या गंजी आणि दिवसभराची कामे आटोपल्यावर धान्यकोठाराच्या माळ्यावर भावांशी बास्केटबॉल, असे पॅट हेड या मुलीचे बालपण गेले. ज्या शाळेत ती जाणार होती तेथे मुलींचा संघ नाही असे कळल्यावर वडिलांनी बिऱ्हाडच शेजारच्या परगण्यात हलविले. हा गृहस्थ अबोल आणि कठोर होता. वडिलांनी आपल्याला पहिल्यांदा मिठी मारली तेव्हा आपण त्रेचाळीस वर्षांच्या होतो, असे समिट यांनी पुढे सांगितले आहे. पण मुलीला खेळता यावे म्हणून घर हलविणारा बापही तोच होता. महाविद्यालयाच्या अखेरच्या वर्षी तिचा गुडघा निकामी झाला आणि खेळ विसरावा लागेल असे डॉक्टर म्हणाले, तेव्हाही हिला ऑलिंपिकला जायचे आहे, तुम्ही गुडघा दुरुस्त करा, असे त्यांनी डॉक्टरांना बजावले. शिकविणे, शिकणे, संघ सांभाळणे आणि दुखऱ्या गुडघ्यासह सराव करणे हे सारे एकाच वेळी चालवून समिट १९७६ मध्ये माँट्रियलला गेल्या. महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला होता. अमेरिकेच्या संघाने रौप्यपदक मिळविले. आठ वर्षांनी लॉस एंजलिस येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षिका त्याच होत्या.

त्यांच्या कारकीर्दीतील एक गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते. टेनेसीतील शाळांमध्ये त्या काळी मुलींचा बास्केटबॉल सहा जणींचा असे. तीन जणींनी फक्त चढाई करावयाची, तीन जणींनी फक्त बचाव. मैदानाची मधली रेषा कोणीही ओलांडावयाची नाही. स्त्रीदेहाला अतिश्रम सोसत नाहीत, या एकोणिसाव्या शतकातील समजुतीचा तो अवशेष होता. त्याचा परिणाम असा होई, की बचाव करणाऱ्या मुलीला शाळा सोडेपर्यंत सामन्यात एकदाही चेंडू टोपलीत टाकण्याची संधी मिळत नसे, आणि अशा अर्ध्या खेळाडूला कोणते विद्यापीठ शिष्यवृत्ती देणार? समिट यांनी जाहीर केले की, हा नियम राहणार असेल तर आपण आपल्याच राज्यातील मुली संघात घेणार नाही. सत्तावीस वर्षांच्या आतबाहेरच्या एका प्रशिक्षिकेने राज्यभरच्या शाळांना असे सुनवावे, हे धाडसच होते. १९७९ मध्ये तो नियम गेला. आठ अजिंक्यपदांहून या एका बदलाचे मोल आम्हास अधिक वाटते. कारण त्याचा लाभ झालेल्या बहुतेक मुली विद्यापीठाच्या संघात कधी आल्याच नसतील.

पहिले अजिंक्यपद मिळण्यास तेरावा हंगाम उजाडावा लागला. तोपर्यंत अखेरच्या चार संघांत पोहोचावे आणि रिकाम्या हाताने परतावे, असे कितीदा तरी घडले होते. त्यांना ऐन मोक्याच्या वेळी जिंकता येत नाही, असे बोलले जाऊ लागले होते. १९८७ च्या अंतिम सामन्यात लुइझियाना टेक संघाचा ६७-४४ असा पाडाव झाला आणि ते बोलणे थांबले. १९९६ पासून सलग तीन वर्षे अजिंक्यपद, त्यातील १९९८ चा ३९ सामन्यांचा हंगाम संपूर्ण अपराजित, आणि पुढे २००७ व २००८ ही आणखी दोन वर्षे. या तपशिलात येथे अधिक शिरण्याचे कारण नाही.

शिक्षक वाचकांना अधिक रस वाटेल तो वर्गातील शिस्तीत. समिट यांच्या खेळाडूंना तासाला पहिल्या तीन रांगांतच बसावे लागे. तास बुडविला तर सामना बुडाला. संघातील पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर होऊन बाहेर पडली. खेळाडूंकडे महसुलाचे साधन म्हणून पाहण्याची आणि परीक्षेच्या निकालाकडे काणाडोळा करण्याची अमेरिकी विद्यापीठांची रीत लक्षात घेता, ही गोष्ट सामान्य म्हणता येत नाही. त्यांची शिस्त जाचक होती, त्यांच्या नुसत्या नजरेने मुली गारठत, हे त्यांच्याच खेळाडूंनी सांगितले आहे. आजच्या काळात ती सर्वस्वी खपली असती असे नाही, आणि खपावी असाही आमचा आग्रह नाही. मात्र त्या कठोरपणात सामन्याच्या निकालाइतकीच पदवीचीही चिंता होती.

यशाबरोबर पैसा आला. २००६ मध्ये महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये वर्षाला दहा लाख डॉलरांचा करार मिळविणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षिका ठरल्या. पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकाराल काय, अशी विचारणा त्यांच्याकडे झाली, तेव्हा ती बढती कशी काय ठरते, असा उलट प्रश्न त्यांनी केला. प्रश्न बिनतोड होता. परंतु व्यवहारात उत्तर वेगळेच मिळाले आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. तेव्हा ते काम फुकटाचे अथवा अडीचशे डॉलरांचे होते. कायद्यामुळे त्यास वेतन, प्रतिष्ठा आणि प्रसिद्धी लाभली, आणि मग पुरुष उमेदवार रांगेत उभे राहिले. सर्व खेळ मिळून पाहिले तर स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण पुढे निम्म्याच्याही खाली आले. पुरुषांच्या संघांवर नेमल्या गेलेल्या स्त्रिया मात्र शोधूनच काढाव्या लागतात. स्त्रियांनी स्त्रियांच्या खेळासाठी १९७१ मध्ये उभी केलेली एआयएडब्ल्यू ही संघटनाही एनसीएएने महिलांच्या स्पर्धा आपल्याकडे घेताच दशकभरात बंद पडली. मुलींना मैदान मिळाले आणि मैदानाचा कारभार बायकांच्या हातून निसटला. समिट यांचे उदाहरण देऊन ही वस्तुस्थिती झाकली जाऊ नये.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, आपल्याला अकाली स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे अल्झायमरचा, विकार जडल्याचे समिट यांनी जाहीर केले. हजारो चाली, शेकडो खेळाडूंच्या खोडी ज्या मेंदूत नोंदलेल्या होत्या, त्यावरच हा घाव. लपविणे शक्य असूनही त्यांनी लपविले नाही, आणखी एक हंगाम बाकावर बसून काढला, आणि बरेचसे काम होली वॉर्लिक यांच्या हाती सोपविले. वॉर्लिक या एकेकाळच्या त्यांच्याच खेळाडू आणि पुढे दीर्घकाळ सहायक. २०१२ च्या एप्रिलमध्ये समिट यांनी पद सोडले, तेव्हा त्यांच्या जागी वॉर्लिक आल्या. २८ जून २०१६ रोजी समिट वारल्या, वय चौसष्ट. त्यांचा विजयांचा उच्चांक पुढे मोडला गेला, आणि महिला बास्केटबॉलमध्ये तो प्रथम मोडणाऱ्या स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडरवीर याही एक स्त्रीच होत्या. २०२४ मध्ये व्हॅनडरवीर यांनाही मागे टाकले ते कनेटिकटच्या जीनो ऑरिएमा या पुरुष प्रशिक्षकाने.