एकच फ्लू, दोन रिझल्ट!

सीन बघा. सोमवारची सकाळ, बंद काचांची मीटिंग रूम, एसी फुल्ल. आठ जण, एक प्रेझेंटेशन आणि कुणाच्या तरी नाकातून आलेला एक आगंतुक व्हायरस. बुधवारपर्यंत दोघं आडवे!

त्यातला एक मी. क्रोसिन, आईच्या हातची मऊ खिचडी, तीन दिवस टीव्हीच्या रिमोटवर कब्जा आणि पुढच्या सोमवारी परत डेस्कवर हजर. दुसरा आमचा टीम लीड. वय ३१. रोज जिम, सिगरेटला हात नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. तो सहाव्या दिवशी आयसीयूत होता, ऑक्सिजनवर. घरी आला तो अकरा दिवसांनी.

त्या अकरा दिवसांत कँटीनमध्ये दुसरा टॉपिकच नव्हता. ‘रात्र रात्र जागायचा रे तो.’ ‘ती प्रोटीन पावडर नडली.’ ‘इम्युनिटीच वीक असणार.’ खरं सांगू? त्याची काहीतरी चूक सापडली की आपण सेफ, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्या घोळक्यात मीही होतोच.

गंमत म्हणजे, व्हायरस तोच असताना एकाला नुसता ताप आणि दुसऱ्याला थेट व्हेंटिलेटर का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळतोय. आणि त्यांना मिळालेली उत्तरं आमच्या कँटीनमधल्या उत्तरांपेक्षा फार वेगळी आहेत.

पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला. ती होती १४ वर्षांची शाळकरी मुलगी. मग शाळा बंद, मल्टिप्लेक्स बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा आणि प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. एरवी फ्लू जास्त छळतो तो तान्ह्या बाळांना आणि आजी-आजोबांना. त्या साथीत मात्र बऱ्याच आजी-आजोबांना त्यानं सोडलं, कारण त्यांच्या लहानपणी याच जातकुळीचे फ्लू येऊन गेले होते आणि शरीरानं ती ओळख जपून ठेवली होती. म्हणजे तुमचा जन्म कुठल्या साली झाला, यावरही काही गोष्टी ठरतात. आता बोला! त्याआधी १९१८ च्या महासाथीत तर २० ते ४० वयाचे धडधाकट लोकच मोठ्या संख्येनं गेले होते.

पण एकाच वयाच्या दोघांत फरक का? त्यासाठी फ्रान्समधल्या एका चिमुरडीची गोष्ट ऐका. २०११ साल. वय अडीच वर्षं. एरवी ठणठणीत, पण फ्लू झाला आणि पोर थेट आयसीयूत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत आणि पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या टीमनं तिचे आणि तिच्या आई-बाबांचे जीन्स तपासले. आयआरएफ-७ नावाच्या एका जीनच्या दोन्ही कॉप्या तिच्यात बिघडलेल्या निघाल्या. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. आई-बाबांकडे प्रत्येकी एक कॉपी चांगली होती, म्हणून त्यांना कधी काही जाणवलंच नाही. २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

हा जीन करतो काय? आपल्या सोसायटीचा वॉचमन आठवा. चोर दिसला की तो जोरात शिट्टी वाजवतो आणि धडाधड दारं बंद होतात. व्हायरस शिरलेली पेशी अशीच शिट्टी वाजवते. तिचं नाव इंटरफेरॉन. आयआरएफ-७ ती शिट्टी जोरात वाजवायला लावतो. त्या मुलीच्या शरीरात ती वाजलीच नाही, आणि चोरानं अख्खी बिल्डिंग साफ केली.

२०२२ मध्ये आणखी एक धागा मिळाला. फ्लूनं अत्यवस्थ झालेल्या २७९ पेशंट्सची तपासणी झाली. त्यातल्या सुमारे पाच टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला गप्प करणाऱ्या अँटिबॉडीज होत्या. म्हणजे शिट्टी वाजते, पण घरातलाच कुणीतरी तिच्यात बोळा कोंबतो!

अर्थात सगळं खापर जीन्सवर फोडता येत नाही. दमा, डायबेटिस, हृदयविकार, जास्तीचं वजन, प्रेग्नन्सी यांमुळे धोका वाढतो, हे पक्कं माहीत आहे. पण यातलं काहीच नसलेले लोकही आयसीयूत पोचतात. अशा बहुतेकांच्या बाबतीत नेमकं काय बिघडलं, याचा शोध अजून चालू आहे. सिक्स पॅक हे काही गॅरंटी कार्ड नाही. आणि आयसीयूत गेलेला माणूस ‘कमकुवत’ होता, असंही नाही.

मग करायचं काय? डॉक्टरांना विचारून दरवर्षी फ्लूची लस घ्या. त्या फ्रेंच मुलीलाही नंतर दरवर्षी लसच दिली गेली. दम लागतोय, छातीत दुखतंय, बोलण्यात गोंधळ होतोय, किंवा उतरलेला ताप पुन्हा उसळलाय, तर ‘उद्या बघू’ नको. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. आणि अंगात ताप असेल तर प्लीज, घरी बसा. शेजारच्या डेस्कवरच्या माणसाची शिट्टी वाजते की नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

आमचा टीम लीड गेल्या आठवड्यात परत आला. सात किलो कमी, पण हसू तेच. चहा पिताना मी सहज म्हणालो, ‘तुला नक्की कुणाकडून लागलं रे?’

तो शांतपणे म्हणाला, ‘त्या सोमवारी प्रेझेंटेशन तुझं होतं. आणि शिंकतही तूच होतास.’

घसा तर रविवारपासूनच खवखवत होता. पण सिक लीव्ह वाया घालवायची कशाला, असं मला वाटलं होतं.