समान गुण, एक ढाल

श्रावणांतला पाऊस मालवणांत आला कीं समुद्राची गाज घरांत शिरते आणि मुलें घराबाहेर पडेनाशीं होतात. मग जुनीं कपाटें उपसण्यास आरंभ होतो. यंदा अशाच एका दुपारीं आमच्या धाकट्या नातीस तिच्या भावाची एक जुनी वही सांपडली. तींत 2021 सालच्या वर्तमानपत्राचें एक कात्रण डकविलेलें होतें. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीग स्पर्धेंतील अकरा संघांचा तो गुणतक्ता होता. नातीनें तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि आमच्या पुढ्यांत आणून ठेवला. "आजोबा, हें चुकलें आहे. पहिल्याचे गुण चाळीस आणि दुसऱ्याचेहि चाळीस. मग दुसरा तो दुसरा कां?"

छापलेलें चुकलें आहे असें म्हणण्याचें धैर्य आमच्या बालपणीं आम्हांस नव्हतें. तेव्हां तिला गप्प न करतां आम्ही चष्मा लावून तक्ता पाहूं लागलों. पाहतां पाहतां आम्हांस आमचेंच एक जुनें निकालपत्रक आठवलें. परंतु तें मागाहून सांगूं.

ज्या घरांत हा खेळ पाहिला जात नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. जिंकणाऱ्या संघास तीन गुण, बरोबरी झाल्यास दोघांस एकेक, हरणाऱ्यास कांहीं नाहीं. त्या हंगामांत प्रत्येक संघ इतर दहांशीं दोन दोन वेळां खेळला. म्हणजे प्रत्येकाचे 20 आणि सर्व मिळून 110 सामने झाले. 20 नोव्हेंबर 2020 रोजीं आरंभ झाला तेव्हां कोविडची सांथ चालू होती, म्हणून एकूणएक सामने गोव्यांतच भरविले गेले: मडगांवचें फातोर्डा, बांबोळीचें मैदान आणि वास्कोचें टिळक मैदान. आम्हां सिंधुदुर्गकरांस पत्रादेवीचा नाका ओलांडला कीं गोवा. परंतु प्रेक्षकांस प्रवेशच नसल्यामुळें शेजारच्या अंगणांतलें लग्न टीव्हीवर पाहावें तसे ते सामने आम्ही घरीं बसून पाहिले. रिकाम्या बांकांपुढें खेळणाऱ्या त्या मुलांची तेव्हां आम्हांस कींव आली होती हें कबूल करतों.

आतां तक्त्याकडे वळूं. वर दोन नांवें होतीं: मुंबई सिटी आणि त्या वेळीं एटीके मोहन बागान या नांवानें खेळणारा कोलकात्याचा संघ. दोघांचे गुण 40 एवढेंच नव्हे, तर दोघांचेहि विजय 12, बरोबऱ्या 4 आणि पराभव 4. जुळ्या भावांच्या पत्रिकाहि इतक्या जुळत नसतील. भेद होता तो गोलांत. मुंबईनें 35 गोल केले आणि 18 होऊं दिले. बागाननें 28 केले आणि 15च होऊं दिले. म्हणजे एकाचा हात मारण्यांत मोकळा आणि दुसऱ्याचें दार राखण्यांत घट्ट. यांत श्रेष्ठ कोण? आमच्या सौभाग्यवतींनीं भाजी निवडतां निवडतां निर्णय दिला कीं, ज्याच्या घरीं चोऱ्या कमी झाल्या तोच गृहस्थ शहाणा, सबब बागान. थोरल्या नातवाचें मत अर्थात् उलट.

स्पर्धेचा नियम मात्र या दोघांच्याहि मताची वाट पाहत बसलेला नव्हता. गुण समान झाले तर त्या दोन संघांचे परस्परांशीं झालेले सामने आधीं पाहावे, असा तो होता. असे सामने दोन. पहिला 11 जानेवारी 2021 रोजीं फातोर्ड्यास झाला व मुंबईनें तो 1-0 असा जिंकला. दुसरा 28 फेब्रुवारीस बांबोळीस, साखळीच्या अगदीं अखेरच्या दिवशीं. त्या दिवशीं सकाळीं बागानचे गुण 40 होते, मुंबईचे 37. नुसती बरोबरी झाली असती तरी बागान पहिला येणार होता. आणि पहिल्या क्रमांकास केवळ एक ढाल होती असें नाहीं. आशिया खंडांतील क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरींत प्रवेश त्याच एका संघास मिळावयाचा होता. दुसऱ्यास तो नाहीं. सातव्या मिनिटास मूर्तादा फॉल यानें आणि 39 व्या मिनिटास बार्थोलोम्यू ओगबेचे यानें गोल केला. बागानकडून एकहि झाला नाहीं. गुण समान झाले, परस्परांतील दोन्ही सामने मुंबईचे, ढाल मुंबईची. पुढें एप्रिल 2022 मध्यें हाच संघ रियाधला गेला व इराकच्या वायुदलाच्या संघास 2-1 असें हरवून त्या आशियाई स्पर्धेच्या मुख्य फेरींत विजय मिळविणारा पहिला भारतीय संघ झाला. नव्वद मिनिटांच्या एका सामन्यानें कोणास कोठें नेऊन पोंचविलें, हें यावरून दिसतें.

त्याच तक्त्याच्या तळाशीं नातीनें आणखी एक जोडी हुडकली. ईस्ट बंगाल आणि केरळ ब्लास्टर्स, दोघांचे 17 गुण. यांचे परस्परांतील दोन्ही सामने 1-1 असे बरोबरींत सुटलेले! तेव्हां तो नियम येथें मुका झाला आणि एकूण गोलांचा फरक पाहावा लागला; त्यांत ईस्ट बंगाल वर राहिला. नववा आणि दहावा यांच्यासाठीं एवढी चिकित्सा कोण करतो, असें नातवानें म्हटलें. आम्ही त्यास सांगितलें कीं, नववा करतो.

मुंबईच्या बाबतींत गोलांचा फरक आधीं पाहिला असता तरी उत्तर तेंच आलें असतें, कारण मुंबईचा फरक 17 आणि बागानचा 13. म्हणून तंटा उरला नाहीं. परंतु दोन नियम नेहमीं एकाच माणसाकडे बोट दाखवितात असें नाहीं. 2006-07 च्या हंगामांत स्पेनमध्यें रेआल माद्रिद आणि बार्सेलोना या दोघांचे 76 गुण झाले. परस्परांतील सामन्यांत माद्रिदनें एक जिंकला होता व एक बरोबरींत सोडविला होता. तेथील नियमाप्रमाणें माद्रिद विजेता ठरला. गोलांचा फरक मात्र बार्सेलोनाचा कितीतरी अधिक होता. तोच हंगाम इंग्लंडच्या रीतीनें मोजला असता तर विजेता बदलला असता, कारण तेथें गोलांचा फरक आधीं पाहतात. गोव्यांतलें उदाहरण घ्या: 2007-08 सालीं पहिली आय-लीग झाली तेव्हां डेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या दोन्ही गोमंतकीय संघांचे 36 गुण झाले, आणि गोलांच्या फरकानें डेंपोस विजेतेपद मिळालें. यांतला कोणता नियम न्याय्य? आम्हांस विचाराल तर परस्परांतील सामना आधीं पाहणें आम्हांस पटतें. दुबळ्या संघावर सहा गोल चढवून मिळविलेली मोठेपणाची संख्या आम्हांस फारशी भारावीत नाहीं. परंतु हें आमचें मत झालें. मैदानांत उतरणाऱ्यास कोणता नियम लागणार हें आधीं ठाऊक होतें, ही गोष्ट आम्हांस त्याहून मोठी वाटते.

असें आधीं ठाऊक नसलें म्हणजे काय होतें, तें अमेरिकेंतील कॉलेजांच्या फुटबॉलमध्यें दिसतें. तो खेळ आपल्याकडील फुटबॉलहून निराळा. त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवतात. तेथें संघ शेंकडों आणि एकेकाच्या वांट्यास सामने डझनभर, तेव्हां सर्वांची सर्वांशीं गांठ पडणें अशक्य. म्हणून 1936 सालापासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांचीं मतें घेऊन दर आठवड्यास संघांचे क्रम लावीत आली. प्रशिक्षकांच्या मतांची यादी निराळी. 1997 च्या हंगामांत मिशिगन आणि नेब्रास्का हे दोन्ही संघ अपराजित राहिले. त्यांचा परस्परांशीं सामना झालाच नाहीं. पत्रकारांनीं मिशिगनला पहिला ठरविलें, प्रशिक्षकांनीं नेब्रास्काला. पुढें 2014 पासून निवडलेल्या संघांचे अखेरचे सामने लावण्यास त्यांनीं सुरुवात केली. तरी त्या सामन्यांत कोणास घ्यावें हें समिति बसूनच ठरविते. खेळून झाल्यावर शहाण्यांनीं एकत्र बसून श्रेष्ठ कोण तें सांगावयाचें!

या शहाण्यांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं याच किनाऱ्यावरील एका लहान शाळेंत आम्ही सातवीचे वर्गशिक्षक होतों. वार्षिक परीक्षेंत पहिल्या येणाऱ्यास पुढील वर्षाचीं पुस्तकें आणि फी देण्याची एका सद्गृहस्थाची देणगी होती. त्या वर्षीं दोन मुलांची बेरीज तंतोतंत सारखी आली. आम्ही ती तीनदां तपासली. अशा वेळीं काय करावें याचा नियम शाळेंत नव्हता आणि मुख्याध्यापकांनीं निर्णय आमच्यावर सोंपविला. आम्ही उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलों आणि ज्याचे संस्कृतांत चार गुण अधिक होते त्यास पहिला क्रमांक दिला. दुसऱ्याचे गणितांत तितकेच अधिक होते. संस्कृत हा आमचा विषय होता, याहून दुसरें कारण आमच्यापाशीं नव्हतें. मात्र त्या रात्रीं तें आम्हांस मोठें शास्त्रशुद्ध वाटलें.

निकालाच्या दुसऱ्या दिवशीं त्या मुलाचे वडील आले. होडीवर जाणारा माणूस. टोपी काढून ओट्याच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, गुण सारकेच मा? मगे माझो झील दुसरो कित्याक?" आवाजांत राग नव्हता, खरोखरच विचारीत होते. आम्ही विषयांचें महत्त्व, भाषेचा संस्कार असें कांहींतरी बोललों. त्यांनीं ऐकून घेतलें, मान हलविली आणि गेले. पुस्तकें त्यांनीं जुनीं विकत घेतलीं, फीहि भरली, मुलगा शिकला. आठवींत मात्र त्यानें संस्कृत घेतलें नाहीं.

ही हकीगत आम्ही नातीस सांगितली, तेव्हां तिनें विचारलें कीं, तें आधीं कां सांगितलें नाहीं मुलांना? तोच प्रश्न त्या पायरीवरच्या माणसानें दुसऱ्या शब्दांत केला होता.

आमच्या घरीं गणपतींत मुलांची स्तोत्रपठणाची चढाओढ असते, परीक्षक आम्ही. यंदा मडगांवहून आमच्या भगिनीचा नातूहि यावयाचा आहे. (तो एफसी गोव्याचा कट्टर पक्षपाती. 2021 च्या उपांत्य फेरींत मुंबईनें गोव्यास पेनल्टींवर 6-5 असें बाहेर काढलें, तो विषय त्याच्यासमोर काढूं नये अशी घरांत सक्त ताकीद आहे.) नातीनें आतांच माजघराच्या भिंतीवर नियमांचा कागद डकवून ठेविला आहे. स्पष्ट उच्चारास दहा, पाठांतरास दहा. त्याखालीं मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे: "गुण सारखे झाले तर ज्याचे पाठांतराचे जास्त तो पहिला. तेहि सारखे असले तर बक्षीस दोघांना. आजोबांना विचारूं नये."