उजेड आपल्या कपाळी

घरातली लाइट गेली आणि फ्यूज बघायचा असला, की आपल्याकडे कामाची वाटणी आधीच ठरलेली असते. स्टुलावर चढायचं ते घरातल्या पुरुषाने, आणि खाली बॅटरी धरून उभं राहायचं ते आईने, बायकोने नाहीतर मुलीने. 'जरा डावीकडे धर... अगं, डोळ्यांत नको मारूस... हात हलवू नकोस!' हा संवाद कुठल्या घरात झाला नसेल? गंमत अशी, की तीच बाई अंधारात स्वतःचं काम करायला जाते, तेव्हा तिच्यासाठी बॅटरी धरायला मात्र कोणी नसतं. मग बॅटरी काखेत जाते, मोबाइल दातांत धरला जातो, नाहीतर खांदा आणि हनुवटीच्या मध्ये अडकवला जातो, आणि मान आखडली म्हणून रात्री बाम चोळला जातो.

म्हणून आज एका अगदी साध्या वस्तूबद्दल लिहायचं आहे. हेडलॅम्प, म्हणजे पट्ट्याने डोक्याला बांधायची बॅटरी. गावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती मिळते, शहरात खेळाच्या आणि ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. मिक्सर घेताना चार दुकानं पालथी घालणाऱ्या आपण या वस्तूकडे मात्र 'ती पुरुषांची भानगड' म्हणून ढुंकूनही बघत नाही.

तसं वाटायला कारणही आहे. डोक्यावरचा दिवा म्हटलं, की डोळ्यांपुढे येतो तो खाणकामगार. आणि आपल्याकडे १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदीच घातली होती. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ती सैल केली. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवर, त्या स्त्रीच्या लेखी संमतीने, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात तिला खाली उतरता येईल, असं ठरलं. २०२१ मध्ये झारखंडमधल्या चुरी इथल्या भूमिगत कोळसा खाणीत आकांक्षा कुमारी ही मायनिंग इंजिनिअर रुजू झाली, तेव्हा टोपीवर दिवा लावलेले तिचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. तो दिवा बाईच्या कपाळावर यायला इतकी वर्षं लागली!

पण खाणीत कशाला जायला हवं? अंधारात काम करणाऱ्या बायका आपल्या अवतीभोवती कमी आहेत का? माझ्या जाऊबाई गावाकडे पहाटे साडेचारला उठून दोन म्हशींच्या धारा काढतात. शेतीची वीज रात्रपाळीला असली, की पिकाला पाणी द्यायला रात्री अकराला शेतात जावं लागतं, आणि कारभारी कामासाठी परगावी असले, तर दारं धरायला बाईच जाते. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटेच्या थंडीत फडात उतरतात, आणि गाडी आली की रात्री-अपरात्री मोळ्या भरतात. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधी खुडायच्या म्हणजे सूर्याची वाट बघून चालत नाही. या सगळ्या कामांना दोन हात लागतात. एका हातात बॅटरी धरली, की काम निम्म्यावर येतं आणि विळा बोटावर.

बाळंतपणाचंच बघा. डॉ. लॉरा स्टॅकल या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ २००८ मध्ये नायजेरियातल्या एका रुग्णालयात गेल्या. माता का दगावतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. वीज वरचेवर जायची, आणि अंधारात डॉक्टर-नर्स हतबल व्हायच्या. सौरऊर्जेचे जाणकार असलेले त्यांचे पती हॅल अ‍ॅरन्सन यांच्या मदतीने त्यांनी सुटकेसमध्ये मावणारी एक सौर यंत्रणा तयार केली. त्या सुटकेसमध्ये मोठ्या दिव्यांबरोबर आवर्जून दिलेली वस्तू म्हणजे चार्ज होणारे हेडलॅम्प. ज्या बाईला दोन्ही हातांनी बाळ झेलायचं आहे, तिचा उजेड तिच्या कपाळावरच हवा, हे एका डॉक्टर बाईला चटकन कळलं.

आता मुद्द्याचं. घ्यायचा तर कसला घ्यायचा? परवा एका दुकानात मला विक्रेत्याने एक दिवा दाखवला. 'मॅडम, पन्नास हजार लुमेन! डोंगर दिसेल समोरचा.' लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. मुठीएवढ्या दिव्यातून पन्नास हजार लुमेन काढायचे, तर तो कपाळावर ठेवता येणार नाही इतका तापेल आणि त्याची बॅटरी मिनिटांत बसेल. खोक्यावर असा आकडा दिसला, की खुशाल समजावं, बाकीचे आकडेही याच चालीचे असणार. तंबूत वाचायला पाच-दहा लुमेन पुरतात. धार काढायला, फ्यूज बघायला, भाजी निवडायला तीस-पन्नास खूप झाले. डोंगरवाटेने चालायला दोनशे-तीनशे असले, की काम भागतं. उजेड कमी-जास्त करायची सोय मात्र हवीच, कारण जवळच्या कामाला झगझगीत उजेड डोळ्यांना त्रासच देतो.

उजेड किती, याइतकंच तो पडतो कसा, हेही बघायचं. काही दिव्यांचा झोत अरुंद आणि लांब जातो, काहींचा जवळ पण ऐसपैस पसरतो. बांधावरून पुढची वाट बघायला पहिला बरा, गोठ्यात, स्वयंपाकघरात, पाटाच्या कडेला दुसरा. दोन्ही सोयी असलेला मिळाला तर उत्तमच. खोक्यावर 'अमुक मीटर' असं लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ समजून घ्या. हे मोजायची एक अमेरिकन पद्धत २००९ मध्ये ठरली, चांगल्या कंपन्या ती पाळतात. त्यानुसार शंभर मीटर याचा अर्थ शंभर मीटरवर साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो. म्हणजे तिथे काहीतरी हललं हे कळेल, दोरी की साप हे कळणार नाही.

'चाळीस तास चालतो' याचंही तसंच. त्याच पद्धतीत, सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा सगळ्यात मंद उजेडाचा असतो. तेव्हा दुकानदाराला सरळ विचारायचं, 'भाऊ, मोठ्या उजेडावर किती तास?' या एका प्रश्नाने बरीच खोकी परत फळीवर जातात.

मग प्रश्न सेलचा. रोजच्या कामाला चार्ज होणारा दिवा स्वस्त पडतो. तो मोबाइलच्याच चार्जरवर चार्ज होत असेल तर फारच सोयीचं, वेगळी वायर शोधत बसायला नको. पण चार-पाच दिवस डोंगरात जायचं असेल, किंवा गावात वीजच बेभरवशाची असेल, तर बारीक पेन्सिल सेलवर चालणारा बरा. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. वापर नसेल तेव्हा मात्र सेल काढून ठेवायचे. नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात. चार्ज होणारा दिवा गादीवर, उशीखाली ठेवून चार्ज करायचा नाही, आणि त्याची बॅटरी फुगलेली दिसली तर मोह न धरता टाकून द्यायची, तीही ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात.

आता खास आपल्या अडचणी. हे दिवे बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा बारीक केस कापलेलं डोकं असतं. आपल्याकडे अंबाडा असतो, वेणी असते, डोक्यावर पदर असतो, थंडीत कानटोपी नाहीतर स्कार्फ असतो. म्हणून दिवा हातात घेऊन 'छान आहे' म्हणू नका, दुकानातच डोक्याला बांधून बघा. मान खाली घाला, हलवा, वाका. घसरून नाकावर आला तर तो दिवा आपला नव्हे. पट्टा रुंद आणि सुटा करून धुता येणारा हवा, कारण घाम आणि तेल त्याला लागणारच. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असलं, तर तासाभराने विसरायला होतं. बॅटरी मोठी असेल तर ती डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला दिवा बघा, तोल सांभाळला जातो, फक्त ती नेमकी अंबाड्यावर येत नाही ना, एवढं पाहा. दिवा खाली-वर वाकवता आला पाहिजे, नाहीतर दिवसभर मानच वाकवावी लागेल. आणि बटण असं हवं, की ओल्या किंवा शेणाच्या हाताने, न बघता दाबता येईल. पण इतकंही हलकं नको, की पिशवीत आपोआप दिवा लागून रात्री बॅटरी संपलेली सापडेल. म्हणून बटणाला कुलपासारखी सोय आहे का, हेही विचारा.

आपल्या पावसाळ्यासाठी खोक्यावर 'आयपीएक्स' हे शब्द आणि त्यापुढचा आकडा शोधा. ४ असेल तर दिवा पावसाचे शिंतोडे सोसतो. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी तगतो. घरात वापरायला हे काही नको, पण कोकणात आणि घाटमाथ्यावर निदान ४ हवाच.

लाल दिव्याचं बटण म्हणजे नुसती फॅशन, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या झोताने ती क्षणात मोडते. मंद लाल उजेडाने ती बऱ्याच अंशी टिकते. मे महिन्याच्या शेवटी मी भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेले होते. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते, आणि आपल्या झगझगीत दिव्यांत ती हरवून जाते. आमच्यातल्या बायकांनी दिवे विझवून उभं राहायचं ठरवलं, आणि थोड्या वेळाने समोरचं झाड पेटल्यासारखं उजळलं. दिवा कधी लावायचा नाही, हेही कळायला हवं. आणि लावलेला असताना समोरच्याशी बोलताना मान थोडी खाली घालायची, म्हणजे त्याच्या डोळ्यांवर झोत पडत नाही. एवढा सभ्यपणा पाळायलाच हवा.

या दिव्याच्या मर्यादाही सांगते. उजेड डोळ्यांच्या रेषेतून पडला, की वस्तूची सावली तिच्या मागेच लपते. त्यामुळे खड्डा आणि दगड सपाट दिसतात. उतारावर दिवा काढून कमरेपाशी हातात धरला, की सावल्या उमटतात आणि वाट वाचता येते. धुक्यातही तसंच करायचं, नाहीतर समोर पांढरी भिंत उभी राहते. रात्री शेतात जाताना डोक्यावर दिवा असला, तरी पायात गमबूट आणि हातात काठी हवीच, कारण मण्यार रात्रीचीच फिरते. साप चावलाच, तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात. आणि घरात गॅसचा वास आला, तर हा दिवाही लावायचा नाही. खाणीतले दिवे ठिणगी बाहेर जाणार नाही असे बनवलेले असतात, आपले नसतात. खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर पडायचं.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, 'अहो, उजेड दिला की बाईच्या मागे आणखी काम लागेल. आजवर निदान अंधार पडला म्हणून तरी ती टेकायची!' या बोलण्यात तथ्य आहे. दिवा तिच्या डोक्यावर आणि जबाबदारीही तिच्याच डोक्यावर, असं व्हायला वेळ लागत नाही. म्हणूनच या दिव्याच्या आडून कोणी सुटता कामा नये. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आपल्या गावाला ती दिवसाची वीज पोचली का, हे ग्रामसभेत बाईने उभं राहून विचारायला हवं. शौचालयाच्या वाटेवरचा, एसटी थांब्यावरचा खांब बंद असेल, तर 'तुमच्याकडे बॅटरी आहे ना' हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. रस्त्यावर उजेड असणं हे पंचायतीचं आणि नगरपालिकेचं काम आहे. आपण विकत घेतलेल्या दिव्याने त्यांचं काम संपत नाही.

तरीही दिवा घ्यावा, असंच मी म्हणेन. वीज दिवसा येईल तेव्हा येईल, पण आजची रात्र आजच काढायची आहे. आणि हा दिवा फक्त कामासाठी घ्यायचा नाही. जाऊबाई हल्ली त्याच दिव्यात, घर झोपल्यावर, कोणाची झोप न मोडता पुस्तक वाचतात. कळसूबाईवर सूर्योदय बघायला रात्री चढणाऱ्या मुलींच्या रांगेत आता चाळिशी ओलांडलेल्याही दिसतात. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर, आणि वाट दिसते ती स्वतःच्या कपाळावरच्या उजेडात!

अडीचशे-तीनशे रुपयांपासून पाच-सहा हजारांपर्यंत हे दिवे मिळतात. बचत गटाने दहा-बारा एकदम घेतले, तर दुकानदार भाव कमी करतो आणि वॉरंटीचा कागदही नीट शिक्का मारून देतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे वाटतो आपण. यंदा चारजणींनी मिळून एकीला, जिला खरी गरज आहे तिला, हा दिवा वाण म्हणून द्यायला काय हरकत आहे? फक्त देताना सांगा, 'हा तुझा. घरातल्या कोणी मागितला, तर वापरून झाला की परत खुंटीला लावायला सांग.'