काडी मोडली, कागद उरले

शिरूरहून सासरी जायचं तर न्हावरे ओलांडून, पारगावच्या पुलावरून भीमा पार करून चौफुला गाठायचा. बारा वर्षं या रस्त्यानं कधी लेक म्हणून आले, कधी सून म्हणून गेले. गेलं वर्षभर मात्र माझ्या हातात फक्त कागदांची पिशवी होती.

घटस्फोटाचा निकाल लागला त्या दिवशी वडील म्हणाले, "सुटलीस बाई. पूर्वी पंच बसायचे, काडीमोड व्हायचा, विषय संपायचा." आमच्याकडे आजही स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून दोन्ही घरं निश्चिंत होतात. तशी रूढी जातीत असल्याचं सिद्ध झालं नाही, तर कोर्टात तो कागद टिकत नाही. मी रीतसर हुकूमनामा घेतला होता, त्यामुळे स्वतःला शहाणी समजत होते.

ते शहाणपण विकास सोसायटीत उतरलं. नवऱ्याच्या उसाच्या पीककर्जाला मी जामीनदार. सचिव म्हणाले, "ताई, हुकूमनामा तुम्हा दोघांतला. सोसायटी त्यात कुठंय?" बरोबरच होतं. दुसरा जामीनदार मिळून मंजुरी येईपर्यंत चार महिने गेले. नवऱ्यापासून घटस्फोट मिळतो, जामीनकीपासून नाही.

मग एकेक आठवत गेलं. रांजणगावच्या नोकरीतला पीएफ, विमा, बँकेतली ठेव, सगळीकडे नॉमिनी तेच. माझं बरंवाईट झालं असतं तर पैसे आधी त्यांच्या हातात पडले असते आणि माझ्या लेकीला हक्कासाठी भांडत बसावं लागलं असतं. रेशनकार्डाचंही तसंच. तिकडचं नाव कमी झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय माहेरच्या कार्डावर नाव चढेना.

सगळ्यात अवघड निघाला सातबारा. १९९२ च्या लक्ष्मीमुक्तीच्या परिपत्रकाप्रमाणे नवऱ्याच्या दीड एकरावर माझं नाव सहहिस्सेदार म्हणून लागलेलं. तिकडून निरोप आला, "हक्कसोडावर सही करून टाक, तेवढंच राहिलंय." मी सही केली नाही, आधी वकील गाठला. त्यांनी तडजोडीच्या अटी चाळल्या. पोटगी होती, दागिने होते, लेकीचा ताबा होता. जमिनीबद्दल एक ओळही नव्हती.

चूक माझीच. परस्परसंमतीच्या अर्जानंतर कलम १३-ब प्रमाणे सहसा सहा महिने थांबावं लागतं. लोक त्याला समेटाची मुदत म्हणतात. मी ती रडण्यात घालवली. खरं तर त्याच काळात कर्ज, जामीन, खाती, विमा, जमीन यांची यादी करून एकेक बाब अटींत लिहून घ्यायला हवी होती. निकालानंतर प्रत्येक कचेरीत नक्कल दाखवत, एकेका सहीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

आता पिशवीत हुकूमनाम्याच्या चार प्रमाणित प्रती असतात. परवा मी बँकेत निघाले, तर वडिलांनी काही न बोलता स्वतःचं पासबुक माझ्यापुढे ठेवलं. नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली.