समुद्रावरचे आकाश आणि आपली मुले

दादरच्या चैत्यभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. देश तेव्हा युद्धात होता. आदल्याच दिवशी विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी बंगालच्या उपसागरातून कॉक्स बझारवर हल्ला चढवला होता आणि त्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर मारा केला होता. त्या पराक्रमाची आठवण म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळला जातो. त्यानंतर दोनच दिवसांनी महापरिनिर्वाण दिन येतो आणि शिवाजी पार्कवर आपला समाज लाखोंच्या संख्येने जमतो. स्तूपापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. मात्र त्या समुद्रावर आणि त्यावरच्या आकाशात आपल्या मुलामुलींना मानाची सेवा करता येते, हा विचार आपल्या घरांत अजून पुरेसा रुजलेला नाही.

शिवाजी पार्कवरील पुस्तकांचे ठेले हे आपल्या समाजाचे वैभव आहे. तेथे बाबासाहेबांचे ग्रंथ असतात, बौद्ध वाङ्मय असते, आणि त्यांच्या शेजारी लोकसेवा आयोग, पोलीस भरती व तलाठी परीक्षेची मार्गदर्शकेही असतात. समाजाने कोणती स्वप्ने पाहिली याचा तो चालताबोलता दस्तऐवज होय. ही स्वप्ने आम्ही कमी लेखत नाही. त्यांनीच दोन पिढ्या उभ्या केल्या. परंतु आता आठवी-नववीतील मुले वेगळे प्रश्न विचारू लागली आहेत. नौदलाचे विमान चालवायचे असेल तर काय करावे? कोणते विमान मिळते? या प्रश्नांचे उत्तर पालकांपाशी नसते आणि पुष्कळदा शिक्षकांपाशीही नसते. शाळेच्या या स्मरणिकेत ते मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे मत आरंभीच सांगतो. कोणते विमान, हा प्रश्न सर्वांत शेवटी सुटतो आणि त्याचे उत्तर मुलाच्या हाती नसते. सर्वांत आधी सुटतो तो दहावीनंतरच्या शाखेचा प्रश्न, आणि तो मात्र सर्वस्वी आपल्या हाती असतो. अकरावीला भौतिकशास्त्र व गणित सोडले की वैमानिकाची वाट तेथेच बंद होते. पुढे कितीही पश्चात्ताप झाला तरी ती सहसा उघडत नाही.

ही माहिती आपल्याकडे का नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. पलटणीने त्या कुटुंबाला पगार दिला, तसेच अक्षर दिले, शिस्त दिली आणि बाहेरच्या जगाची वार्ता दिली. १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती थांबवण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पण दार उघडले नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. लष्कराची वाट अशी पुन्हा खुली झाली, पण ती मुख्यतः पायदळाची. दरम्यानच्या अर्धशतकात एक अदृश्य हानी झाली. ज्या घरांत आजोबा व वडील अधिकारी असतात, तेथे कोणती परीक्षा केव्हा द्यावी, मुलाखतीत कसे बसावे, डोळे कधी तपासावेत हे जेवताना बोलता बोलता कळते. ही माहिती हीसुद्धा एक मिरासच आहे, आणि ती आपल्याकडून हिरावली गेली.

सैन्यदलांच्या अधिकारी भरतीत आरक्षण नाही, म्हणून तिकडे वळण्यात अर्थ नाही, असे काही पालक आम्हांस सांगतात. आरक्षण हा आपला घटनात्मक हक्क आहे आणि त्याच्या रक्षणासाठी आपण सदैव उभे राहू. परंतु जेथे ते नाही, तेथे आपण नसावे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे दुसऱ्याने बंद केलेल्या दाराला आतून कडी घालण्यासारखे आहे.

आणखी एक शंका बौद्ध शाळेत उपस्थित होणे स्वाभाविकच आहे. अहिंसेचा संस्कार घेतलेल्या मुलाने युद्धनौकेवर जावे काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा प्रश्न टाळलेला नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला आणि अहिंसा हे विवेकाने आचरायचे तत्त्व मानले. शिवाय नौदलाच्या हवाई दलाचे मोठे काम शोध आणि सुटका हे आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. तेव्हा युद्धनौकांच्या जोडीला नौदलाची हेलिकॉप्टरे आणि टेहळणी विमाने खवळलेल्या समुद्रावर माणसे शोधत होती. दीडशेहून अधिक कामगार वाचले. करुणेला कौशल्याची जोड लागते, हे त्या दिवसांत मुंबईने पाहिले.

आता विमानांविषयी. मुलांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र असते ते लढाऊ विमानाचे. विक्रमादित्य आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली नवी विक्रांत या दोन युद्धनौकांवरून मिग-२९के ही विमाने उडतात. विक्रांतची लांबी सुमारे २६२ मीटर. एवढ्याशा जागेतून विमान पुढच्या चढत्या कडेवरून झेप घेते आणि परतताना शेपटीखालच्या आकड्याने डेकवरची पोलादी तार पकडून थांबते. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एम विमानांचा करार झाला आहे. हे काम विलक्षण आहे, पण जागा थोड्या आहेत.

दुसरा गट सागरी टेहळणीच्या विमानांचा. पी-८आय हे विमान प्रवासी बोईंग ७३७च्या धर्तीवर बांधलेले आहे. तमिळनाडूतील अरक्कोणमच्या राजाली तळावरून आणि गोव्याच्या हंसा तळावरून ते तासन्तास समुद्रावर फिरते, पाण्यात ध्वनिवेधक सोडते आणि पाणबुडीचा माग काढते. किनाऱ्याजवळच्या टेहळणीसाठी डॉर्नियर-२२८ आहे. ते कानपूरला बनते. येथे एकट्याच्या शौर्यापेक्षा संपूर्ण चमूच्या चिकाटीला मोल आहे.

तिसरा गट हेलिकॉप्टरांचा. चेतक, ध्रुव, सी किंग, कामोव्ह-३१ आणि मार्च २०२४ मध्ये कोचीला पहिली तुकडी स्थापन झालेले एमएच-६०आर सीहॉक ही त्यांतील प्रमुख नावे. कुलाब्याचा शिक्रा तळ मुंबईतच आहे. हलत्या नौकेच्या चिमुकल्या डेकवर रात्री हेलिकॉप्टर उतरवणे हे लढाऊ विमान उडवण्याहून सोपे आहे, असे कोणी समजू नये. चौथा गट हेरॉनसारख्या मानवरहित विमानांचा; त्याचे महत्त्व वर्षागणिक वाढत आहे.

यांपैकी कोणत्या गटात जायचे हे शिकाऊ अधिकाऱ्याची उड्डाणातील गुणवत्ता, कल आणि नौदलाची गरज यांवरून ठरते. निवड झालेल्यांना मूलभूत उड्डाणाचे शिक्षण हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील हवाई दलाच्या अकादमीत पिलाटस विमानावर मिळते. त्यानंतर वाटा फुटतात. हेलिकॉप्टरचे शिक्षण अरक्कोणमला, डॉर्नियरचे कोचीला, आणि लढाऊ वैमानिकांचे हॉक विमानावर. म्हणून मुलाने एखाद्या विमानाच्या चित्रावर जीव न जडवता समुद्रावरच्या कामावर जडवावा, असे आम्ही सांगतो. नौदलाचा वैमानिक हा आधी नौदलाचा अधिकारी असतो.

वैमानिक होता आले नाही म्हणजे सारे संपले, असेही नाही. पी-८आयच्या पोटात बसून रडार व ध्वनिवेधक हाताळणारा हवाई कार्य अधिकारी, तळावरचा हवाई वाहतूक नियंत्रक, विमाने उड्डाणास योग्य ठेवणारा अभियंता आणि त्याच्या हाताखालचे कुशल तंत्रज्ञ, या सर्वांवाचून एकही विमान उडत नाही.

आता प्रवेशाच्या वाटा. बारावीच्या आधारे मुख्य वाट राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे आपल्या खडकवासल्याची. लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यांत गणिताचे ३००, आणि मुलाखत मंडळाचे आणखी ९००. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित अनिवार्य आहे. दुसरी वाट जेईई मुख्य परीक्षेतून केरळमधील एळिमला येथील नौदल अकादमीत नेते. तेथे सरकारी खर्चाने अभियांत्रिकीची पदवी मिळते. तिसरी वाट अभियांत्रिकी पदवीनंतरची. पदवीला ६० टक्के, तसेच दहावी-बारावीला ६० टक्के आणि इंग्रजीतही ६० टक्के गुण असणाऱ्यांना थेट वैमानिक म्हणून अल्पसेवा कमिशन मिळू शकते. ही सेवा ठरावीक वर्षांची असून ती वाढू शकते. अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. वैमानिकासाठी जी विशेष संगणकीय चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते. ‘बघू तरी’ म्हणून तिला सामोरे जाऊ नये. दुसरी गोष्ट पैशाची. खासगी संस्थेत व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी लक्षावधी रुपये लागतात. नौदलात मात्र शिक्षण शासनाच्या खर्चाने होते आणि उप-लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. तिसरी गोष्ट घाईची. अग्निवीर म्हणून बारावीनंतर लगेच पगार सुरू होतो. घराची ओढाताण आम्ही जाणतो, आणि त्या सेवेचा मान मोठा आहे. पण ती चार वर्षांची असून त्यानंतर चौघांपैकी एकच कायम होतो. ज्या मुलात अधिकारी होण्याची कुवत आहे, त्याला आणखी दोन-तीन वर्षे देता येतील का, याचा विचार घराने आणि समाजाने मिळून करावा.

महाराष्ट्रात तयारीच्या सार्वजनिक संस्था आहेत, पण आपल्या मुलांना त्यांची नावेही ठाऊक नसतात. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना घडवते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला सुरू झाली आहे. पदवीधरांना मुलाखतीची तयारी करून देणारे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रही नाशिकलाच आहे. मुलींच्या पालकांना तर आम्ही आवर्जून सांगू. डिसेंबर २०१९ मध्ये शिवांगी या नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. जुलै २०२५ मध्ये आस्था पूनिया लढाऊ विमानांच्या शाखेत निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या. खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली.

शेवटी शाळेने आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करावे, याविषयी. निवासी शाळेत मूल चोवीस तास आपल्या हाती असते, हा फार मोठा लाभ आहे. आठवीतच प्रत्येक मुलाचे डोळे आणि रंगदृष्टी तपासून घ्यावी. रंग ओळखण्यातील दोष वैमानिकाला चालत नाही, आणि तो सतराव्या वर्षी कळण्यापेक्षा तेराव्या वर्षी कळलेला बरा. रोज एक तास इंग्रजी बोलण्याचा असावा. मुलाखत मंडळापुढे आपली मुले विचारांत कमी पडत नाहीत, शब्दांत अडतात. गणिताचा शिक्षक आणि प्रयोगशाळा यांवर खर्च करताना संस्थेने हात आखडू नये. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, तरीही हे सांगतो.

आणि पोहणे शिकवावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते पाणी पिण्याच्या हक्कासाठी. ज्या समाजाला तळ्याच्या काठावर उभे राहू दिले नाही, त्याच्या पुष्कळ मुलांना आजही पोहता येत नाही, यात नवल नाही. परंतु नौदलात पोहणे अटळ आहे. शिवाजी पार्कच्या परिसरात महापालिकेचा जलतरण तलाव आहे. मुंबईतील माजी विद्यार्थ्यांनी दर उन्हाळ्यात दहा मुलामुलींना आपल्या घरी ठेवून घ्यावे आणि त्यांना पोहायला शिकवण्याची जबाबदारी उचलावी. एखाद्या सभागृहाला देणगी देण्याइतकेच ते मोलाचे ठरेल. जे माजी विद्यार्थी सैन्यदलांत आहेत किंवा निवृत्त झाले आहेत, त्यांनी वर्षातून एकदा शाळेत येऊन नववीच्या वर्गाशी बोलावे. भोपाळला किंवा बेंगळुरूला मुलाखतीसाठी निघालेल्या मुलाला गाडीत बसवून देताना त्याच्याशी बोलणारा एक अनुभवी माणूस असला, तर आपल्या घरांतून तुटलेली ती माहितीची साखळी पुन्हा जोडली जाईल. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, दहावीच्या मुलांनी शाखा निवडण्यापूर्वी, या कामाला हात घालावा, अशी आमची विनंती आहे.