दुसऱ्या वाचकाचे काय?

कागदी पुस्तक चांगले की ई-रीडर, हा वाद आता तसा जुना झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल हे यंत्र अमेरिकेत विक्रीला आले. तेव्हापासून परिसंवादांत, लेखांत आणि घरोघरच्या गप्पांत तो अधूनमधून रंगत आला आहे. एका बाजूला नव्या पानांच्या वासाने हळवी होणारी मंडळी, तर दुसऱ्या बाजूला 'अख्खे कपाट पर्समध्ये मावते' असे कौतुकाने सांगणारी. गंमत अशी की, या वादात ज्यांचे मत सर्वांत आधी विचारायला हवे होते, त्यांना कुणी फारसे विचारलेच नाही. ते म्हणजे प्रेमकथांचे वाचक, म्हणजे मुख्यतः वाचक स्त्रिया.

साहित्याच्या दरबारात या वाचकाला मागच्या रांगेत बसवण्याची रीत आहे. परंतु पुस्तकांच्या बाजारात हाच वाचक पुढे असतो. कॅनडातील हार्लेक्विन ही प्रेमकथांची प्रकाशनसंस्था १९४९ साली स्थापन झाली आणि १९७१ मध्ये तिने लंडनची मिल्स अँड बून विकत घेतली. किंडल आले त्याच २००७ साली तिने आपली सर्व नवी पुस्तके ई-बुकच्या रूपातही द्यायला सुरुवात केली. भारदस्त प्रकाशक त्या वेळी 'बघू, टिकते का' असे म्हणत होते. प्रेमकथांच्या प्रकाशकाने मात्र वाट पाहिली नाही, कारण त्याला आपला वाचक नीट ठाऊक होता.

पडद्यावर काय सापडले?

हा वाचक झपाट्याने वाचतो. महिन्याला आठ-दहा पुस्तके संपवणाऱ्या बायका या वर्गात मुळीच दुर्मीळ नाहीत. एवढी पुस्तके विकत घ्यायची तर खर्च मोठा, आणि ठेवायची कुठे हा प्रश्न त्याहून मोठा. त्यातून या पुस्तकांचे दुकानातले आयुष्य महिन्याभराचे. नवा संच आला की जुना फळीवरून खाली उतरतो. मालिकेतील तिसरे पुस्तक हाती लागावे आणि पहिली दोन कुठेच मिळू नयेत, हे दुखणे या वाचकांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. ई-रीडरने ते दूर केले. शिवाय दीड-दोनशे ग्रॅम वजनाचे यंत्र, हवी तेवढी मोठी करता येणारी अक्षरे आणि घरातला दिवा मालवल्यावरही वाचण्याची सोय. पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांना यातले मोल सांगायला नको.

आणखी एक सोय झाली, तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलले जात नाही. ई-रीडरला मुखपृष्ठ दाखवावे लागत नाही. आलिंगनातल्या जोडप्याचे चित्र असलेले पुस्तक लोकलच्या डब्यात किंवा सासरच्या दिवाणखान्यात उघडणे पुष्कळ जणींना जड जाते. पूर्वी वर्तमानपत्राचे कव्हर घातले जाई. आता शेजारच्या प्रवाशाला दिसतो तो फक्त एक करडा पडदा. ही लाज केवळ बायकांच्या मनातली आहे असे नाही, ती समाजाने दिलेली आहे. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. न्यायालयाने दोष काढून टाकला तरी घराघरातली नजर काही निकालाने बदलत नाही.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी प्रेमकथा वाचणाऱ्या गृहिणींशी सविस्तर बोलून १९८४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांना आढळले ते असे की, या स्त्रियांच्या दृष्टीने कथेइतकेच महत्त्व वाचनाच्या कृतीला होते. दिवसभर सर्वांना हवे-नको पाहणारी बाई पुस्तक उघडते, तेव्हा 'हा वेळ माझा आहे' असे ती न बोलता सांगत असते. हा स्वतःचा वेळ कुणाच्या नजरेत न येता मिळवून देणारे साधन तिने पटकन आपलेसे केले, यात नवल नाही.

मग कागदाकडे पुन्हा ओढा का?

एवढे सगळे असूनही कागद हरला नाही, उलट गेल्या काही वर्षांत प्रेमकथांच्या कागदी प्रतींना पुन्हा बहर आला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०१६ साली केवळ प्रेमकथा विकणारे 'द रिप्ड बॉडिस' हे दुकान दोघी बहिणींनी सुरू केले. त्याची दुसरी शाखा २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात उघडली. रेबेका यारोस यांच्या अद्भुत-प्रेमकथांच्या मालिकेतील पुस्तके पानांच्या कडा रंगवून, सजवून निघाली आणि वाचकांनी ती दागिन्यासारखी जपली. त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या, सर्व प्रकार मिळून, २७ लाखांहून अधिक प्रती जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या आठवड्यात खपल्या. आधी पडद्यावर वाचायचे आणि आवडले तर कागदी प्रत कपाटात ठेवायची, असा व्यवहारी तोडगा अनेक तरुण वाचकांनी काढला आहे.

पण ही झाली हौसेची गोष्ट. कागदाच्या बाजूने खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो वासाचा नाही, सजावटीचाही नाही. तो मालकीचा आहे.

एका प्रेमकथेचा निकाल

१९०८ साली लंडनमध्ये मिल्स अँड बून स्थापन झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकांविषयी एक मूलभूत निकाल दिला. वादातील पुस्तक होते 'द कास्टअवे', कवी बायरनच्या आयुष्यावर हॅली एर्मिनी राइव्हज या लेखिकेने लिहिलेली रम्य कादंबरी. 'एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये' अशी सूचना प्रकाशकाने त्यावर छापली होती. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. प्रकाशक न्यायालयात गेला आणि हरला. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते: प्रत एकदा विकली की ती पुढे कितीला विकावी, हे ठरवण्याचा प्रकाशकाचा अधिकार संपतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, एकदा बाजारात आलेल्या प्रतीच्या पुढच्या देवघेवीवर प्रकाशकाचा हक्क राहत नाही.

प्रेमकथांचे सारे विश्व या एका हक्कावर उभे राहिले. १९३० च्या दशकात मिल्स अँड बूनची पुस्तके मुख्यतः जात ती दोन पेन्स घेऊन पुस्तक देणाऱ्या इंग्लंडमधल्या वाचनालयांत. आपल्याकडेही तेच झाले. शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, बाबा कदम यांच्या कादंबऱ्या घराघरांत पोचल्या त्या गल्लीतल्या वाचनालयातून. महिन्याची वर्गणी भरायची, संध्याकाळी भाजी आणायला गेले की पुस्तक बदलून आणायचे. तेच पुस्तक मग शेजारच्या वहिनी वाचणार, नणंद वाचणार आणि शेवटी ते रद्दीवाल्याकडून पदपथावर येऊन एखाद्या कॉलेजकन्येच्या हाती पडणार. एका प्रतीला असे कितीतरी वाचक मिळत. ज्या मुलीच्या हातात पुस्तकासाठी वेगळे पैसे कधी आले नाहीत, तीही अशीच वाचक झाली.

ई-बुकमध्ये हा दुसरा वाचक उरत नाही. 'विकत घ्या' असे लिहिलेले बटण आपण दाबतो, तेव्हा प्रत्यक्षात मिळतो तो वाचनाचा परवाना. तो दुसऱ्याला विकता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने वापरलेल्या ई-बुकांची फेरविक्री प्रकाशकाच्या परवानगीविना करता येणार नाही, असे स्पष्ट केले. वाचनालयांचीही सुटका नाही. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने असा नियम केला की, वाचनालयाने घेतलेले ई-बुक २६ वेळा वाचकांना दिले की ते पुन्हा विकत घ्यावे. पुढे २०१४ मध्ये हार्लेक्विनही याच प्रकाशनसमूहात सामील झाली.

एवढेच नव्हे, तर आपल्याकडचे पुस्तक आपल्याकडेच राहील याचीही खात्री नाही. २००९ मध्ये विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण कागदी पुस्तकासाठी कुणी रात्री घरात शिरून कपाट उघडत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-बुकांचे दुकान बंद केले आणि ग्राहकांची पुस्तकेही त्याबरोबर गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोय काढून टाकली, तेव्हा शेकडो प्रेमकथा जमवलेल्या वाचकांचे डोळे उघडले. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, याचा हिशोब तेव्हा पुष्कळांनी पहिल्यांदा मांडला.

घरापुरता आणि बाहेरचा विचार

याचा अर्थ ई-रीडर फेकून द्यावा असा नाही. एकदा वाचून विसरायच्या कथांसाठी तो उत्तम आहे. प्रवासात, आजारपणात, परदेशी मुलांकडे सहा महिने राहायला गेलेल्या आजी-आजोबांसाठी तर तो वरदान आहे. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून मिळू लागली, तेव्हा ही सोय मराठी वाचकालाही झाली. पण जे पुस्तक मुलीला द्यावेसे वाटते, मैत्रिणीच्या हाती ठेवावेसे वाटते, ते आज तरी कागदावरच घेणे शहाणपणाचे.

मात्र सारा भार वाचकावर टाकून भागणार नाही. परवाना विकणाऱ्याने 'विकत घ्या' असे म्हणू नये, निदान दुकान बंद झाले तरी पुस्तक उघडेल एवढी हमी द्यावी. ही मागणी अवाजवी नाही. वाचनालयांना ई-बुक रास्त अटींवर मिळायला हवे. आणि गावोगावच्या वाचनालयांनीही कथा-कादंबरीच्या कपाटाकडे 'करमणूक' म्हणून नाक मुरडू नये, कारण वर्गणीदारांचा मोठा भाग त्याच कपाटापाशी येतो.

लंडनला असो की लातूरला, प्रेमकथेची नवी वाचक तयार होते ती बहुधा दुसऱ्या कुणीतरी वाचून दिलेल्या पुस्तकावर. ई-रीडरने पहिल्या वाचकाची फार चांगली सोय केली आहे. आता त्याने दुसरीलाही वाट करून द्यावी.