शब्दकोशांचे आद्य कारागीर

घरांत मुलें इंग्रजी वाचूं लागलीं कीं कोशाची गरज पडतेच. परंतु तो सदैव हाताशीं असल्यामुळें, असे कोश प्रथम कोणीं, कोणासाठीं व किती कष्टांनीं रचिले, याचा विचार सहसा मनांत येत नाहीं. म्हणून ती हकीकत या अंकीं वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

केवळ इंग्रजी भाषेचा पहिला कोश म्हणून जो गणला जातो, तो रॉबर्ट कॉड्री यानें १६०४ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केला. हा गृहस्थ शिक्षक व धर्मोपदेशक होता. चर्चच्या अधिकाऱ्यांशीं न पटल्यामुळें त्याची वृत्ति गेली होती. त्याच्या लहानशा पुस्तकांत सुमारें २,५०० शब्द होते, तेही निवडक व कठीण. त्यांतील पुष्कळसे लॅटिन, ग्रीक व फ्रेंच या भाषांतून आलेले. पुस्तक कोणासाठीं, हें सांगतांना त्यानें मुखपृष्ठावरच स्त्रियांचा उल्लेख केला. लॅटिन शिकविणाऱ्या शाळांचीं दारें त्या काळीं मुलींस बंद होतीं. प्रवचनांतील जड शब्द कानीं पडत, पण त्यांचा अर्थ त्यांनीं विचारावा कोणास? वर्णानुक्रमानें शब्द कसा शोधावा, हेंही कॉड्रीला प्रस्तावनेंत समजावून द्यावें लागलें!

नित्याच्या व्यवहारांतील सोप्या शब्दांस कोशांत स्थान मिळण्यास पुढें सुमारें शंभर वर्षें लागलीं. नेथन बेलीच्या १७२१ च्या कोशांत शब्दसंख्या ४०,००० च्या घरांत गेली. नंतर डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७४६ सालीं पुस्तकविक्रेत्यांशीं १,५७५ पौंडांचा करार केला. तीन वर्षांत उरकण्याचें काम नऊ वर्षें चाललें. थोर ग्रंथकारांच्या वाक्यांवर त्यांनीं खुणा कराव्या व लेखनिकांनीं तीं उतरून घ्यावीं, असा क्रम होता. लेखनिकांचें वेतनही त्याच रकमेंतून जाई. मध्यंतरीं, १७५२ सालीं, पत्नी निवर्तली. आरंभीं उपेक्षा करणाऱ्या लॉर्ड चेस्टरफील्ड यांनीं ग्रंथ पुरा होतांच स्तुतिपर लेख लिहिले, तेव्हां जॉन्सन यांनीं सडेतोड पत्र पाठवून तो उशिराचा आश्रय नाकारला. ग्रंथ १७५५ सालीं बाहेर पडला. त्यांत ४२,००० हून अधिक शब्द होते.

ज्यांस शाळेनें बाहेर ठेविलें, त्यांच्यासाठीं या विद्येचा आरंभ झाला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. म्हणून घरांतील लहानानें किंवा वडीलधाऱ्या बाईनें एखाद्या शब्दाचा अर्थ विचारल्यास हंसूं नये. कोश उघडून त्यांच्या शेजारीं बसावें. अर्थ ठाऊक नसणें यांत लाज नाहीं; विचारणाऱ्यास गप्प बसविण्यांत मात्र खचित आहे.